धक्क्यावरची म्हशाची गाठ

आधी कबूल करतो... या ग्रुपवर कोणी अनुभव टाकला की खाली 'झाडाची फांदी असेल', 'बीपी चेक करा', 'झोप पूर्ण घ्या' असल्या कॉमेंट टाकणारा जो आगाऊ माणूस आहे ना, तो मी. चार-पाच जणांनी मला ब्लॉकही केलंय. लहानपणी आमच्या वाडीत कोणाच्या अंगात आलं की मी पुढ्यात जाऊन त्याला किती वाजले विचारायचो आणि मार खायचो. माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. फक्त एक गोष्ट अशी आहे की तिच्याखाली मला स्वतःलाच कॉमेंट सुचत नाहीये. म्हणून लिहितोय. लिहायची सवय नाही, सांभाळून घ्या.

मी सुदाम. शहापूर तालुक्यात किन्हवलीच्या आत डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे. समुद्राशी आमच्या सात पिढ्यांचा संबंध नाही. पण बारावीनंतर कोणीतरी सांगितलं म्हणून जहाजावरच्या खलाशाचा कोर्स केला, पाच वर्षं मालवाहू जहाजांवर रंग खरवडला, आणि आता तीन सीझन झाले, कॅरिबियनमध्ये एका खासगी यॉटवर डेकहँड आहे. डेकहँड म्हणजे फार काही नाही हो... दोर ओढायचे, डेक धुवायचा, आणि बोट बंदरात आली की ती नीट बांधायची. वाडीत मला 'होडीवाला' म्हणतात. हसतात, पण फोटो पाठव म्हणून मागेही लागतात.

घरी आमचे आबा आणि माझी मोठी बहीण. आई मागेच गेली. ताई आणि भाऊजी वाडीतच राहतात, त्यामुळे आबांचं सगळं ताईच बघते. आबा शहात्तर वर्षांचे. दोन वर्षांपासून त्यांचं विसरणं सुरू झालंय. आधी चष्मा, मग माणसांची नावं, मग 'जेवलो का' हेच. बैलजोडी त्यांना झेपेना म्हणून गेल्या वर्षी ताईने ती विकली. तेही ते विसरतात. दिवस कलला की अंगणात उभे राहतात आणि विचारतात, "बैलं आली नाय अजून?" ताई रोज तेच उत्तर देते. मी फोनवर ऐकतो आणि विषय बदलतो, कारण मला ते ऐकवत नाही.

आता गाठीचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आबा म्हणजे बैलातला दर्दी माणूस. पौषात म्हशाची जत्रा भरते, मुरबाडच्या पुढे म्हसा गावात, तिथे ते दरवर्षी जायचे. जत्रा म्हणजे बाकीच्यांना पाळणे आणि घोंगड्या, आम्हाला गुरांचा बाजार. मी आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचो. आबांचा एक नियम होता. दुसऱ्यांचं मला माहीत नाही, पण आमच्या घरात हा कडक होता... विकायला नेलेला बैल आपल्या हाताने सोडायचा नाही. इतकी वर्षं ज्याला खाऊ घातलं त्याला आपणच कसं सोडायचं, असं ते म्हणायचे. घेणाऱ्याने यावं, दावं स्वतः सोडावं आणि न्यावं. आणि तोवर आपण जागेवरून हलायचं नाही. बाजार उठला तरी नाही.

त्यासाठी त्यांची बांधायची पद्धतही वेगळी होती. घरच्या गोठ्यात निरगाठ. पण म्हशाला खुंटीला दोन वेढे, वर सुरगाठ, आणि दाव्याच्या सुट्या टोकाला आणखी एक बारीक गाठ, घेणाऱ्याच्या हातातून टोक निसटू नये म्हणून. मग ते टोक वरच्या वेढ्यात खोचून समोरच्याकडे काढून ठेवायचं. बैलाने कितीही हिसडे दिले तरी सुटणार नाही, माणसाने टोक ओढलं की मोकळी. आम्ही घरात तिला म्हशाची गाठ म्हणतो. मी ती दुसऱ्या कोणाच्या हातची पाहिलेली नाही. माझ्या हातची तर नाहीच, कारण बोटीवर असली गाठ मारली तर कॅप्टन मला पाण्यात ढकलेल.

कॅप्टनचं नाव हिल्डा. पन्नाशीची बाई, आवाज असा की इंजिन बंद करावं लागत नाही. ती मला 'सूड' म्हणते. मी अजून तिला त्याचा अर्थ सांगितलेला नाही.

तर यंदाचा एप्रिल. आम्ही एका लहान बेटावरच्या बंदरात शिरत होतो. बेटाचं नाव मुद्दाम देत नाही, पण जागा नीट सांगतो. डोंगराखाली रंगीत पत्र्यांची घरं, एक चर्च, मासळीबाजार, आणि बाजूला छोटा मरिना, म्हणजे यॉट लावायची जागा. एकच लांब लाकडी धक्का, दोन्ही बाजूंनी मिळून वीसेक बोटी मावतील एवढा. धक्क्यावर यायला जमिनीकडून एकच लोखंडी गेट. उरलेल्या तिन्ही बाजूंना पाणी.

सकाळचे साडेसात वाजले होते. वारा आडवा आणि भलताच जोरात. आमची जागा म्हणजे डावीकडे एक महागडी मोटरबोट, उजवीकडे धक्का, मध्ये आमच्या पन्नास फुटी बोटीपुरती फट. रेडिओवर कोणी उत्तर देईना. धक्क्यावर दोर धरायला माणूस नाही. अशा वेळी डेकहँडने दोर घेऊन धक्क्यावर उडी मारायची असते. पण वाऱ्याने बोटीचं नाक, म्हणजे पुढचं टोक, धक्क्यापासून लांब जात होतं, दहा फूट तरी अंतर. उडी मारली असती तर हे लिहायला मी नसतो.

हिल्डा मागून ओरडली, "सूड, काहीही कर, पण दोर लाव." मी पुढचा दोर फेकला. पाण्यात पडला. ओढून घेतला, पुन्हा फेकला. या वेळी टोक धक्क्याच्या फळ्यांवर पडलं आणि सरकत परत यायला लागलं. आणि कोणीतरी ते धरलं.

मी नाकावर होतो, सूर्य बरोबर समोर. मला चेहरा दिसला नाही. वाकलेली पाठ दिसली आणि दोन हात दिसले. त्या माणसाने दोर धक्क्यावरच्या लोखंडी खुंट्याला बांधला आणि वाकला तसाच बाजूला झाला. दोर ताणला, नाक थांबलं, बोट हळूहळू आत आली. मी "थँक यू" म्हणून मागच्या दोराकडे पळालो. तो बांधला, मधला बांधला, मग धक्क्यावर उतरून पुढे आलो. दोन मिनिटं, फार तर तीन. धक्क्यावर कोणी नव्हतं.

हिल्डा माझ्या आधी पोचली होती. कमरेवर हात. "हे काय बांधलंयस? कोणीही टोक ओढलं तर बोट सुटेल."

मी खाली पाहिलं. दोन वेढे, वर सुरगाठ. सुट्या टोकाला एक बारीक गाठ. टोक वेढ्यात खोचून समोर काढलेलं.

खरं सांगतो, भीती वाटली नाही. केस-बिस काही उभे राहिले नाहीत. मला आधी रागच आला, कोणीतरी माझी चेष्टा करतंय असं वाटून. मग मी उकिडवा बसलो आणि बघतच राहिलो. खोचायची बाजूसुद्धा तीच होती. मी मोबाईलवर फोटो काढला. हिल्डा म्हणाली, "फोटो नंतर, आधी ती सोड आणि नीट बांध." मी म्हटलं, "तुम्ही सोडा." ती माझ्याकडे बघायला लागली. मलाही कळत नव्हतं मी असं का बोललो, पण माझा हात जाईना. ती पुटपुटत वाकली, टोक ओढलं, आणि स्वतः नीट बांधून घेतलं.

तेवढ्यात मरिनाचा सुपरवायझर गेट उघडून आला, हातात कॉफी. म्हणाला, सॉरी, आमची माणसं आठला येतात. मी विचारलं, मग आत्ता इथे कोण होतं? तो म्हणाला, कोणी नाही, गेटची किल्ली माझ्याकडे आहे. शेजारच्या मोटरबोटीला कुलूप होतं. पलीकडच्या दोन बोटींवर मी जाऊन विचारलं, ते लोक झोपेतून उठून आले आणि वैतागले.

मला राहवेना. तिथे पावणेआठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सव्वापाच. मी ताईला फोन लावला. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आबांना फोटो दाखवायचा, ते ओळखतात का बघायचं. पहिल्यांदा उचलला नाही. दुसऱ्यांदा उचलला.

"तू कशाला फोन केलास आत्ता?" ताईचा आवाज बसलेला.

"आबा आहेत का? दे जरा."

ती म्हणाली, "आबा सकाळपास्नं नाय रे, सुद्या. आठला अंगणात व्हते. मी पाणी भरून आले तं नाय. अख्खी वाडी रानात हिंडतेय. म्हटलं तुला एवढ्या लांब कशाला सांगू, तू काय करणार तिकडून."

एप्रिलचं ऊन तुम्हाला माहीत आहे. शहात्तर वर्षांचा माणूस, डोक्याला काही नाही, बरोबर पाणी नाही, आणि स्वतःचं नाव विचारलं तर कधी सांगेल कधी नाही. बैल शोधायला डोंगरात शिरले असतील म्हणून सगळे डोंगरात गेले होते. उंबरमाळीला आमची आत्या असते, तिकडेही दोघं जाऊन आले. पोलिसांत कळवलं होतं. सूर्य मावळायला दीड तास उरला होता, आणि अंधार पडल्यावर रानात शोधणार काय.

मी धक्क्यावर उभा, हातात फोन, समोर तो खुंटा. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, म्हशाला बघा."

"म्हशाला? आत्ता कुठं जत्रा हाय?"

आता मी काय सांगणार होतो तिला? सातासमुद्रापलीकडे एका खुंट्याला गाठ दिसली म्हणून चाळीस किलोमीटर लांब माणूस पाठव? मी, जो सगळ्यांना बीपी चेक करायला सांगतो? ती म्हणाली असती, याचं डोकं फिरलं. आणि माणसं डोंगरातच राहिली असती. म्हणून मी खोटं बोललो. म्हटलं, "रविवारी फोनवर मला म्हणाले होते, म्हशाला जायचंय. मी लक्ष नाही दिलं. भाऊजींना पाठव, लगेच."

ताई "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

पुढचा दीड तास मी डेक धुतला. तीन वेळा धुतला. हिल्डाला सांगितलं वडील हरवलेत, तर तिने माझ्या हातातून ब्रश काढून घेतला आणि चहा करून दिला. बाई बरी आहे तशी.

भाऊजींचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिकडे उजेड अजून होता. जत्रेचं मैदान पूर्ण रिकामं. एका झाडाखाली आबा बसलेले. ओठ सुकलेले, पण शुद्धीवर. गोठ्यातलं जुनं दावं त्यांनी बरोबर नेलं होतं. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट, म्हणजे त्यांना कोणी अडवायचाही प्रश्न नव्हता. किन्हवलीहून मुरबाड, मुरबाडहून म्हसा. अंगात भिनलेला रस्ता. घरातल्या घरात संडासाची वाट चुकणारा माणूस दोन बस बदलून तिथे पोचला होता.

पुढ्यात त्यांनी एक काठी रोवली होती आणि त्या काठीला दावं बांधलं होतं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हतं.

"उठत नायत रे," भाऊजी म्हणाले. "पाणी प्यायले, पण उठायचं नाव नाय. मी दोनदा हाताला धरलं, तं झिडकारलं."

मी म्हटलं, "भाऊजी, काठीजवळ मोबाईल न्या." नेला. तीच गाठ. मी म्हटलं, "आता तुम्ही ते टोक ओढा. तुम्हीच. आबांसमोर." भाऊजींना वाटलं असणार, बाप तसा लेक. पण ओढलं. दावं सुटलं. आबांनी ते पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि उठले. भाऊजींना म्हणाले, "नीट घेऊन जा. पायाला हळवा हाय." मी इकडे धक्क्यावर बसून रडलो. पाच-दहा मिनिटं. लपवत नाही.

मैदानाच्या कडेला चहाची टपरी आहे. तिथल्या बाईने भाऊजींना सांगितलं की म्हातारबा दुपारपासून मांडीवर दोरी घेऊन नुसते बसलेले. तिने पाणी दिलं, बिस्कीट दिलं, कुठले म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. पाचच्या सुमारास एकदम उठले, काठी रोवली, घाईघाईने दोरी बांधली आणि मग निवांत बसले. पाच. आमचे साडेसात.

दुसऱ्या दिवशी मी आबांना व्हिडिओवर विचारलं, "आबा, म्हशाला काय बांधलंत?"

"बैल."

"कोणता?"

"मोठा रे, पांढरा. वाऱ्यानं ठरत नव्हता जागेला. बांधला."

आमची बोट पांढरी आहे. पण थांबा, आबांकडे खरंच एक मोठा पांढरा बैल होता, मी सहावीत असताना म्हशालाच विकलेला. ते त्याच्याबद्दलही बोलत असतील. हे मी माझ्याच पोस्टखाली कॉमेंट म्हणून टाकलं असतं.

आम्ही त्या बंदरात चार दिवस होतो. मी सगळं धुंडाळलं. सुपरवायझरने गेटचा कॅमेरा दाखवला, साडेसहापासून तो स्वतः येईपर्यंत गेटमधून फक्त एक मांजर गेलेलं. कोणी पोहत आला असेल? असेल. पण पोहत येऊन, दोर बांधून, पुन्हा पाण्यात? आमच्या ओल्या दोराची रेघ सोडली तर धक्क्याच्या फळ्या कोरड्या होत्या. मग मला वाटलं, या बेटांवर दीडशे वर्षांपूर्वी आपल्याकडून मजूर नेलेले आहेत, एखाद्या घरात बैल बांधायची जुनी पद्धत राहिली असेल. मासळीबाजारात तसा एक म्हातारा भेटला, नावही आपल्यासारखं. त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, आमच्या आज्याकडेही बकऱ्याच होत्या. बकरी कशी बांधायची ते त्याने मला दाखवलं. साधी निरगाठ.

हिल्डाचं म्हणणं, अशा झटक्यात सुटणाऱ्या गाठी जगभर आहेत, घोडे बांधायलाही वापरतात, कोणा जुन्या खलाशाने बांधली आणि गेला आपल्या वाटेने. बरोबर आहे. फक्त कुठल्या वाटेने, एवढंच तिलाही सांगता येत नाही. आणि टोकाची ती बारीक गाठ घेणाऱ्याच्या हातासाठी असते. बोट कोण घेणार होतं?

इथपर्यंतचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. जूनमध्ये घरी आलो. ताई माझ्याशी नीट बोलेना. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण तुटक. मला वाटलं दमली असेल. आबांना न्हाऊ घालणं, रात्री दहादा उठणं, सोपं नाही. आठवड्याने मी आबांना भरवायला बसलो तर त्यांनी माझ्या हातचं खाल्लं, त्या दिवशी तिचं खाल्लं नव्हतं. ताई भांडी उचलता उचलता म्हणाली, "तुझंच ऐकनार ते. सांगतातही तुलाच. आमी काय, धुणं-भांडीवाले."

"मला काय सांगितलं?"

"म्हशाचं." तिने तोंड फिरवलं. "दोन वर्सं मी करते रे. माझं नाव येत नाय त्यांना. मला 'ए बाई' म्हणतात. आन् जायचं व्हतं तं सांगितलं कोणाला, तुला. रविवारी पाच मिन्टं बोलतोस त्या तुला."

म्हणजे हे ती एप्रिलपासून उराशी घेऊन बसली होती, आणि ते तिच्या उरावर मी ठेवलं होतं. त्याच संध्याकाळी तिला ओट्यावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दोन्ही फोटो काढून दाखवले... धक्क्यावरचा खुंटा आणि म्हशाची काठी, जिचा फोटो भाऊजींनी गाठ सोडायच्या आधीच काढला होता आणि नंतर पाठवला होता. तिने ते मोठे करून पाहिले. एकदा हा, एकदा तो. मी वाट बघत होतो, ती आता घाबरेल, नाहीतर देवाचं नाव घेईल, नाहीतर मला वेड्यात काढेल.

गाठीबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मोबाईल माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "म्हणजे आबांनी तुला नव्हतं सांगितलं?"

"नाही."

"शप्पथ?"

"शप्पथ. मी खोटं बोललो तुला."

तिने पदराने तोंड पुसलं. पाठीत एक जोराचा धपाटा घातला, अजून आठवतो. "मेल्या, दोन महिने," म्हणाली, आणि आत जाऊन आबांच्या शेजारी बसली. त्यांनी विचारलं, "कोण गो तू?" तर ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

तर मंडळी, ती गाठ कोणाची, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कोणाला काही सुचलं तर खाली लिहा, अगदी 'बीपी चेक करा'सुद्धा चालेल. मी आज सकाळी ताईला म्हटलं, हे सगळं ग्रुपवर टाकतोय, टाकू का? ती म्हणाली, "टाक. पण त्यात हेबी लिव्ह, का त्यांनी कोणालाच नव्हतं सांगितलं."